जुन्या अल्पाइन स्नोबोर्डची बाइंडिंग सोलापुरात दुरुस्त होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा सोलापूरचाच, नोकरीला पुण्यात. जर्मनीतल्या मावसभावाने त्याला आपला जुना अल्पाइन स्नोबोर्ड (दाबलेल्या कडक बर्फासाठीचा अरुंद बोर्ड) दिला, सोबत कडक बूट आणि प्लेट बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला पकडून ठेवणारी जोडणी. बोर्ड ठणठणीत आहे. बाइंडिंग मात्र वीसेक वर्षं वापरलेली. बूट अडकवून उभं राहिलं की खालून टकटक हलतं, एक स्क्रू नुसताच फिरतो, पुढचा खटका (बूट आवळणारी लिव्हर) दोन बोटांनी मिटतो आणि मागच्या पायाची टाचेकडची कडी, म्हणजे बूट धरणारी तारेची कमान, थोडी वाकडी दिसते. जानेवारीअखेर गुलमर्गला जायचं ठरलंय. नवी जोडी युरोपातून मागवायची तर कुरिअर आणि कस्टम धरून जो आकडा होतो, तो त्याला परवडत नाही. तो विचारतो, "सोलापुरात एवढे लेथवाले आहेत. कडीला वेल्डिंग मारून आणि बाकीचं लेथवर करून भागेल का? आणि जमलं तर थोडी सुधारणाही करता येईल का?"

वेल्डिंगचं उत्तर आधी देतो. नाही. कडीला वेल्डिंग नाही, ब्रेझिंग (पितळेचा जोड) नाही, गॅसवर तापवून सरळ करणं नाही, थंड ठोकून सरळ करणंही नाही. बाकी जवळपास सगळं सोलापुरात होतं, आणि चांगलं होतं. ते कसं, हे सविस्तर लिहितो.

मी सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रसामग्री दुरुस्त करणाऱ्या दलात, फिटर होतो. त्या नोकरीतले काही हिवाळे काश्मीरमध्ये गेले, तिथेच आधी स्कीवर आणि मग बोर्डवर उभं राहायला शिकलो, आणि सोबतच्यांचं सामान दुरुस्त करता करता हे काम हाताला बसलं. निवृत्तीनंतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक लेथ, एक ड्रिल आणि एक जुनी मिलिंग मशीन घेऊन बसलो आहे. रोजचं काम यंत्रमागाचं. पण वर्षातून दोन-चार बाइंडिंग अजूनही टेबलावर येतात.

वेल्डिंगला मी एवढा विरोध का करतो, ते ऐका. एका हिवाळ्यात गुलमर्गला एका मुलाने भाड्याच्या दुकानातून अल्पाइन बोर्ड घेतला होता. पुढच्या पायाची कडी कधीतरी तुटलेली, कुणीतरी पितळेने जोडून, कानस मारून, छान चकचकीत केलेली. तिसऱ्या वळणाला ती गेली. पुढचा पाय सुटला, मागचा अडकलेलाच राहिला, आणि बोर्ड त्या एका पायाभोवती फिरला. गुडघा गेला. संध्याकाळी ती कडी मी हातात घेऊन पाहिली. जोड शाबूत होता. तार तुटली होती जोडापासून चार-पाच मिलिमीटरवर. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट तपकिरी, म्हणजे तडा आधीपासून होता आणि त्यात पाणी जात होतं. उरलेला अर्धा ताज्या तुटीचा, दाणेदार, चमकणारा. त्या दिवशी सकाळी कुणी ती कडी पाच मिनिटं नीट तपासली असती तर तो मुलगा चालत घरी गेला असता.

त्याचं कारण साधं आहे. कडीची तार बहुधा स्टेनलेसची असते आणि तिची ताकद ती थंड ओढून काढलेली असते यातून येते. जोडाची उष्णता लागली की शेजारचा पट्टा मऊ पडतो. जोड कितीही पक्का असला तरी त्याच्या बाजूची तार आता वेगळी, दुबळी तार असते. ठोकून सरळ केली तर बाकाच्या जागी धातू आधीच एकदा थकलेला असतो, तुम्ही त्याला पुन्हा थकवता.

स्कीच्या आणि बोर्डच्या बाइंडिंगमधला फरकही इथेच समजून घ्या. स्कीची बाइंडिंग ठराविक जोर आला की पाय सोडते. बोर्डची सोडत नाही, आणि सोडायचीही नसते, कारण दोन्ही पाय एकाच फळीवर असतात. म्हणून एकच पाय सुटणं हा सगळ्यात वाईट प्रकार. आणि जोर किती येतो? कडक बर्फावर वळणात अंग उभ्या रेषेपासून 45 अंश कललं तर पायाखालचा जोर वजनाच्या सुमारे 1.4 पट होतो, 60 अंश कललं तर दुप्पट. म्हणजे 75 किलोच्या माणसाचे दीडशे किलो, आणि त्यात खड्ड्यांचे हिसके वेगळे. हे सगळं दोन पायांच्या चार कड्यांवर आणि मूठभर स्क्रूंवर तोललेलं असतं.

आता तुमच्या बाइंडिंगकडे येऊ. पहिलं काम पाना उचलणं नाही, प्ले, म्हणजे ढिलेपणा, नेमका कुठे आहे ते शोधणं आहे. लोक इथेच पैसे वाया घालवतात. हलतंय म्हणून बाइंडिंग बदलतात आणि मग कळतं की झिजलेला बूट होता.

बोर्ड टेबलावर दोन शिकंजांनी आवळा, खाली जुनी चादर घाला म्हणजे तळ खरवडणार नाही. बूट अडकवा, खटका मिटवा. एकाने बुटाची नळी धरून पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने बोटाचं टोक एकेका सांध्यावर ठेवायचं. बोर्ड आणि डिस्क (बाइंडिंग बोर्डला स्क्रूंनी धरणारी गोल तबकडी) यांच्यामध्ये. डिस्क आणि बेसप्लेटच्या मध्ये. प्लेट आणि कड्या ज्यांत बसतात त्या पुढच्या-मागच्या ठोकळ्यांच्या मध्ये. ठोकळा आणि कडीच्या मध्ये. कडी आणि बुटाच्या ओठाच्या मध्ये. डोळ्यांना न दिसणारी हालचाल बोटाला लगेच कळते. प्रत्येक सांध्यावर खडूने आडवी रेघ ओढली तर रेघ कुठे तुटते तेही दिसतं. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा प्ले दोन ठिकाणी निघतो: ढिल्या स्क्रूंमुळे डिस्कखाली, आणि झिजलेल्या बुटामुळे कडीखाली. पहिल्याला जवळजवळ खर्च नाही. दुसऱ्यावर बाइंडिंगचा कुठलाही खर्च उपयोगी नाही.

बुटाच्या तळाला पुढे आणि मागे जो ओठ असतो, ज्यावर कडी बसते, तो व्हर्नियरने दोन्ही बुटांवर मोजा. डावा-उजवा सारखे नसतील, किंवा ओठाची धार गोल झाली असेल, तर कडी कितीही आवळली तरी बूट डुलणार. बऱ्याच कडक बुटांचे टाच-पंज्याचे तुकडे स्क्रूने बसवलेले असतात आणि सुटे मिळतात, ते बदला. यापुढे हे बूट घालून डांबरी रस्त्यावर चालायचं नाही. बर्फापर्यंत साध्या बुटात जा.

आणि बुटाचं प्लास्टिक किती जुनं आहे तेही बघा. जुने पॉलियुरेथेनचे बूट वरून नवेकोरे दिसतात आणि एक दिवस थंडीत पापडासारखे फुटतात, कारण हवेतली ओल वर्षानुवर्षं आतून त्या प्लास्टिकची साखळी तोडत असते. नख दाबल्यावर पृष्ठभाग चिकट लागला, भुगा निघाला किंवा बकलच्या रिव्हेटभोवती केसासारखे तडे दिसले, तर ते बूट गुलमर्गला नेऊ नका. बूट गेलेले असतील तर बाइंडिंगवर एक रुपयाही घालण्याआधी बुटांचं बघा.

आता कड्या. चारही काढा, रॉकेलने किंवा डिझेलने धुवा, जुना दात घासायचा ब्रश घेऊन कोपरे साफ करा. वाकडी दिसणारी कडी तर बादच, पण सरळ दिसणाऱ्या तिन्हींचीही परीक्षा घ्यायची. बाजारात तडे दाखवणारा तीन डब्यांचा संच मिळतो, एक साफ करायचा, एक लाल रंगाचा, एक पांढरा. एमआयडीसीत वेल्डिंग तपासणाऱ्यांकडे तो असतोच, कुणी ओळखीचा असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. नसेल तर जुनी पद्धत वापरा, जी मी आजही वापरतो. कडी रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा. सकाळी काढून कोरड्या सुती फडक्याने अगदी कोरडी होईपर्यंत पुसा. मग फळ्यावरच्या पांढऱ्या खडूची बारीक पूड करून, मऊ कुंचल्याने तिच्यावर पातळ थर द्या आणि सावलीत अर्धा तास ठेवा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटते. भिंगातून बघा. बघायची जागा म्हणजे कडीचे दोन्ही बाक, आतली बाजू, आणि जिथे तार ठोकळ्यात शिरते तो शेवटचा सेंटिमीटर. आटे पाडलेली कडी असेल तर आट्यांची सुरुवात जिथे होते ती जागा सगळ्यात आधी. रेघ दिसली की त्या कडीचा विषय संपला, ती पक्कडीने तोडून भंगारात टाका, म्हणजे कुणी चुकून परत बसवणार नाही.

तुमच्या बाबतीत मी परीक्षेची वाटही पाहणार नाही. वीस वर्षांच्या चारही कड्या बदला. खर्च करायची पहिली जागा हीच. एफ-टूसारख्या कंपन्यांच्या कड्या, खटके, स्क्रू युरोपात सुटे मिळतात. मावसभावाला सांगून मागवा, आणि येणाऱ्या कुणाच्या तरी सामानात ते पाकीट घाला. तळहातात मावणारी वस्तू आहे, कुरिअरची गरजच नाही. मागवण्याआधी जुन्या कडीची रुंदी, तारेची जाडी आणि टोकाचा आकार फोटोसकट पाठवा. पुढची आणि मागची कडी वेगळ्या असतात, आणि मोठ्या-लहान बुटांसाठी उंचीही वेगळी असते.

इथे एक मोह होतो, तो सांगतो, कारण मलाही झाला होता. आपल्याकडे तार वाकवणारे आहेत, स्टेनलेसचा गज मिळतो, तर कडीच बनवू. बनवू नका. दुकानात जो गज मिळतो तो बहुधा मऊ असतो, त्यावर कोणता ग्रेड आहे ते लिहिलेलं नसतं, आणि बाकाची त्रिज्या जराशी कमी-जास्त झाली की तिथेच तडा सुरू होतो. दिसायला हुबेहूब होईल, पण तिचं आयुष्य किती हे कुणालाही सांगता येणार नाही.

स्क्रूंकडे वळू. बोर्डातले इन्सर्ट, म्हणजे स्क्रू बसण्यासाठी आत पुरलेल्या आट्यांच्या पुंगळ्या, एम 6 चे (6 मिलिमीटर व्यासाचे), 1 मिलिमीटर आट्याचे असतात. नुसता फिरणारा स्क्रू म्हणजे दोनपैकी एक: स्क्रूचे आटे गेले, किंवा इन्सर्टचे. दुसरा चांगला स्क्रू हाताने घालून बघा. तोही फिरला तर इन्सर्ट. आधी एम 6 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेलाचा थेंब घालून हाताने, नुसत्या बोटांच्या जोराने, खालपर्यंत नेऊन आणा. पुष्कळदा आत फक्त गंज आणि जुना चिकट द्रव साचलेला असतो, आणि इन्सर्ट बरा निघतो. खरंच आटे गेलेले असतील तर त्या छिद्राच्या मागे लागू नका. इन्सर्टच्या बऱ्याच जोड्या असतात, डिस्क एक जागा पुढे-मागे सरकवा आणि दोन्ही पायांमधलं अंतर पुन्हा जुळवा. इन्सर्ट स्वतःच गोल फिरत असेल किंवा वर उचलला गेला असेल तर तो बोर्डचा आजार आहे, बाइंडिंगचा नाही, आणि त्या जागेवर भार द्यायचा नाही. डिस्क घेताना बोर्डवरच्या छिद्रांचा नमुनाही बघा: चौकोनी 4 बाय 4 सेंटिमीटरचा की बर्टन कंपनीच्या जुन्या बोर्डांचा तीन छिद्रांचा. डिस्क त्याप्रमाणे लागते.

स्क्रूची लांबी ही या कामातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. लांब झाला तर तो इन्सर्टच्या तळाला टेकतो, तुम्हाला वाटतं आवळला गेला, पण डिस्क मात्र सैलच. जास्त जोर लावला तर बोर्डच्या तळाला फुगवटा येतो. आखूड झाला तर दोन-तीन आट्यांवर तुमचा जीव. काडेपेटीची काडी घ्या, इन्सर्टमध्ये उभी घालून तळापर्यंतची खोली खूण करा. मग डिस्क ठेवून तिची जाडी मोजा. स्क्रूचा जो भाग डिस्कच्या खाली बाहेर येतो तो खोलीपेक्षा एक आटा कमी हवा, आणि किमान 6 मिलिमीटर आत शिरायला हवा. लांब मिळाला तर लेथवर कापून टोक साफ करून घ्या, कानशीने केलं तर पहिला आटा बिघडतो.

स्क्रू घेताना डोक्यावर ए2-70 असा ठसा असलेला स्टेनलेस घ्या. ठसा नसलेला, "एसएसचाच आहे मालक" म्हणून दिलेला घेऊ नका. कुणी म्हणेल 12.9 चा काळा बोल्ट जास्त ताकदीचा, तो गंजू नये म्हणून झिंक करून घेऊ. हे मुळीच नको. इतक्या कडक पोलादाला साधं प्लेटिंग करताना आम्लातून हायड्रोजन आत शिरतो आणि बोल्ट नंतर कधीतरी, भार असताना, काही इशारा न देता तुटतो. स्टेनलेसला तो धोका नाही. शिवाय स्टेनलेसचा हा प्रकार थंडीत ठिसूळ होत नाही. एक काळजी मात्र घ्यायची: स्टेनलेसच्या आट्यात स्टेनलेस कोरडा घातला तर दोन्ही एकमेकांना चिकटून जाम होतात, म्हणून थेंबभर ग्रीस लावायचं. आणि स्क्रूड्रायव्हर तीन नंबरचा हवा. दोन नंबरच्या बिटने डोकं खाऊन ठेवलेले स्क्रू मी इतके पाहिलेत की टेबलावरच्या डब्यात त्यांचा ढीग आहे.

स्क्रू सुटू नये म्हणून निळा द्रव लावतात, तो धातूवर ठीक, पण ग्रीस लावलेल्या आट्यांवर नको. प्लास्टिकच्या डिस्कवर, खटक्यावर तो ओघळू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. थंडीत तो नीट धरतही नाही. म्हणून सोलापुरातच लावा, एक दिवस तसंच राहू द्या, मग प्रवास.

अॅल्युमिनियमच्या प्लेटमध्ये ठोकळ्यांचे आटे गेले असतील तर खुशाल दुरुस्त करा. हे काम आपल्याकडे दुचाकीवाले रोज करतात, स्पार्क प्लगचे आटे गेले की हेलिकॉइल घालतात, तेच इथे. छिद्र थोडं मोठं, नवा टॅप, आत स्टेनलेसची गुंडाळी. मूळ अॅल्युमिनियमच्या आट्यापेक्षा ते जास्त टिकतं. ड्रिल मात्र हाताने धरून नको, ड्रिल मशीनवर प्लेट चपटी आवळून, भोक काटकोनात गेलं पाहिजे. प्लेटच्या छिद्राभोवती किंवा कोपऱ्यात तडा दिसला तर पुन्हा तोच नियम, ती प्लेट बाद.

खटका. दोन बोटांनी मिटतोय याचा अर्थ एकतर कडी सैल लावली आहे, किंवा पिनेचं भोक लांबट झालं आहे. खटका मध्यबिंदू ओलांडून बंद होतो, मिटताना जोर वाढत जातो आणि शेवटी टक्कन पलीकडे जातो. भोक लांबट झालं की तो टक्क नाहीसा होतो, आणि बूट पुढे-मागे झोके घेताना खटका आपोआप उघडू शकतो. बंद करून बूट जोरात हलवा, तळहाताने आजूबाजूला थापटा. जागचा हलला तर चालवायचा नाही. अॅल्युमिनियमचा खटका असेल तर हे अगदी आपल्या जॉबर लोकांचं, म्हणजे मागाच्या मिस्त्र्यांचं, काम आहे. मागाच्या प्रत्येक लिव्हरला बुश (भोकात बसणारी धातूची नळी) घालतात, तसंच इथे भोक गोल मोठं करून पातळ बुश बसवायचा आणि बुशच्या मापाची स्टेनलेसची पिन टाकायची. दोन्ही बाजूंची भोकं एका ओळीत आली पाहिजेत, म्हणून एकाच सेटिंगमध्ये आरपार रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) मारा. पिन सर्कलिपने अडकवा, ठोकून पसरवू नका. प्लास्टिकचा खटका असेल तर नवाच घ्या.

तुमची बाइंडिंग खटक्याची आहे म्हणून हे लिहितोय. टाचेत पिना असलेली, नुसतं पाय दाबून बसणारी असती तर पिना आणि त्यांची जागा झिजली की मी हातच लावला नसता, तो संच बदलायला सांगितला असता.

प्लास्टिकच्या भागांसाठी सोलापूरची हवा वाईट आहे. मे महिन्यात पारा 43-44 वर, आणि बोर्ड पत्र्याच्या शेडमध्ये माळ्यावर. तीन-चार उन्हाळे असे गेले की नायलॉन पिवळट, कोरडं होतं. मग ते गुलमर्गच्या उणे दहाला न्यायचं. म्हणून माझी एक परीक्षा आहे. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजमध्ये प्लास्टिकचे भाग पिशवीत घालून रात्रभर ठेवा, तिथे उणे 18 च्या आसपास असतं. सकाळी बाहेर काढल्या काढल्या हाताने पिळा, लाकडी हातोडीने दोन बेताचे ठोके द्या. फुटायचं असेल तर ते इथे अशोक चौकात फुटू दे, गुलमर्गच्या अफरवत डोंगराच्या उतारावर नको. डिस्कचे दाते गोल झालेले असतील तरी डिस्क बदला, कोन घसरतो.

आता सुधारणेचं बोलू, कारण तुम्ही तेही विचारलं आहे, आणि इथे खरोखर कमी पैशात मोठा फरक पडतो. अल्पाइन बोर्डवर पाय तिरके, पुढचा पाय 50-60 अंशांवर असतो. अशा उभं राहण्यात पुढच्या पायाचा पंजा थोडा वर आणि मागच्या पायाची टाच थोडी वर असली की गुडघे मोकळे वाकतात आणि वजन बोर्डच्या मधोमध येतं. जुन्या सपाट बाइंडिंगला हे उतार नसतात. ते इथे बनवता येतात. चांगला माल डेलरिन, म्हणजे अॅसिटल, किंवा 6061 ची अॅल्युमिनियम पट्टी. मागाच्या पिकरचं (धोटा फेकणाऱ्या भागाचं) पांढरं प्लास्टिक भंगारात मुबलक मिळतं आणि ते थंडीत कमालीचं चिवट असतं, म्हणून ते वापरावंसं वाटतं. पण ते सततच्या दाबाखाली हळूहळू बसतं, आणि ते बसलं की स्क्रू सैल. भार घेणाऱ्या पाचरीसाठी नको.

3 अंशांचा उतार म्हणजे 100 मिलिमीटरला 5.2 मिलिमीटर चढ. दोन ठोकळ्यांच्या मध्यांमधलं अंतर समजा 220 मिलिमीटर असेल तर मागच्या पायाच्या टाचेखाली साडेअकरा मिलिमीटर उंची येते. नुसता साडेअकराचा चपटा तुकडा घातला तर बूट ठोकळ्याच्या एका कडेवर बसेल. म्हणून टाचेखालचा तुकडा उताराचा, आणि पुढच्या ठोकळ्याखालीही शून्यापासून सुरू होणारी तेवढ्याच उताराची पातळ पाचर. मिलिंगवर साइन प्लेट (कोन लावायचं साधन) नसली तरी चालतं, एका टोकाखाली मोजलेली पट्टी सरकवली की उतार मिळतो. चूक होते ती स्क्रूच्या डोक्याखाली. ठोकळा तिरका झाला, स्क्रू सरळ खाली जातो, मग डोकं एकाच बाजूने टेकतं आणि आवळताना वाकतं. असे वाकलेले स्क्रूच पुढे तुटतात. म्हणून डोक्याखाली उलट उताराचा वायसर बनवा. तुकडा लहान आहे, पण सगळ्या कामाचा भरवसा त्यावर आहे. स्क्रूही पाचरीच्या जाडीइतका जास्त लांब घ्या. पहिल्यांदा 3 अंशांच्या पुढे जाऊ नका.

डिस्कखाली रबर घालायची पद्धत आहे, धक्के कमी लागतात. 1 मिलिमीटरचा पातळ, सिलिकॉनचा तुकडा चालेल, तो थंडीतही मऊ राहतो. टायरच्या ट्यूबचा तुकडा घालू नका, आणि जाड थर तर नकोच. मऊ वस्तू आवळून ठेवता येत नाही.

सगळं जुळल्यावर मी एक ओढ देऊन बघतो. बोर्ड खाली पक्का आवळायचा, बूट बाइंडिंगमध्ये, बुटाच्या घोट्याला पट्टा, वर चेन पुली आणि मध्ये वजनाचा हुकचा काटा. 150 किलोपर्यंत सावकाश ओढायचं, दोन मिनिटं धरायचं, समोर कुणी उभं राहायचं नाही. मग पुन्हा सगळ्या सांध्यांवर बोट फिरवायचं आणि खडूच्या रेघा बघायच्या. यातून चुकीची जुळणी लगेच उघडी पडते. धातूचा थकवा यातून कळत नाही, त्यासाठीच नव्या कड्या.

तर तुमचा खर्च असा बसतो. चार कड्या, स्क्रूंचा संच आणि गरज पडल्यास बुटाचे टाच-पंज्याचे तुकडे, हे बाहेरून. बुश, पिन, हेलिकॉइल, पाचरी, हे इथे, एखाद्या लेथवाल्याचा अर्धा दिवस आणि मालाचे पैसे. आणखी एक मार्ग मी बऱ्याच जणांना सांगतो: त्याच मॉडेलची दुसरी मोडकी जोडी युरोपात जुन्या बाजारात मिळाली तर घ्या, दोन मोडक्यांतून एक चांगली बनते, फक्त कड्या तिच्याही वापरायच्या नाहीत. काम डिसेंबरात उरका. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा आली की सोलापुरात अर्धे कारागीर नंदीध्वजांच्या मिरवणुकीत असतात, आणि त्या आठवड्यात घाई करून घेतलेलं काम कच्चं राहतं.

गुलमर्गबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ती जागा प्रसिद्ध आहे ती खोल, मऊ बर्फासाठी. तुमचा बोर्ड अरुंद आहे, दाबलेल्या कडक उतारासाठी बनलेला, मऊ बर्फात त्याचं नाक बुडतं. म्हणून गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा, अफरवतचा, या बोर्डसाठी सोडून द्या. खालचे सोपे उतार आणि पहिला टप्पा जिथे संपतो त्या कोंगदूरीच्या आसपासचा दाबलेला पट्टा, तोही सकाळी लवकर, बर्फ घट्ट असताना. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर थांबा, बूट काढा, बर्फ झटका आणि प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळून बघा, नव्या पाचरी थोड्या बसलेल्या असतात. खिशात तीन नंबरचा आखूड स्क्रूड्रायव्हर, दोन जादा स्क्रू आणि शक्य असल्यास एक जादा कडी ठेवा. कडीखाली आणि बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ खरवडायला लाकडी पट्टी चांगली, बर्फाच्या थरावर खटका मिटवला तर तो थर दाबला गेल्यावर सैल होतो.

परत आल्यावर स्क्रू काढून सगळं पुसून कोरडं करा, अॅल्युमिनियम आणि स्टेनलेसच्या मध्ये पांढरी पूड धरली असेल तर ब्रशने काढून ग्रीस लावा, आणि बोर्ड माळ्यावर न ठेवता घरातल्या सगळ्यात गार खोलीत, पलंगाखाली, खटके उघडे ठेवून ठेवा. वाकडी कडी मात्र आजच काढून तिचे फोटो आणि मापं मावसभावाला पाठवा, पाकीट यायला वेळ लागतो.